नीलाक्काला तो खेळ कोणी सांगितला?

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अंगात येणं, करणी, कुणीतरी दिसणं... मला कधी पटलं नाही. ऐंशी ओलांडली तरी पटत नाही. परवा नातीनं तुमच्या अंकातले अनुभव वाचून दाखवले आणि विचारलं, आजी, तुझ्याकडे असं काहीच नाही का? मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं.

निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी सतरा-अठरा वर्षांची, चिटगुप्प्याला नुकतीच सासरी आलेली. सासरच्यांचा बाजारात गूळ-शेंगांचा व्यापार. सासऱ्यांशी कानडी, नवऱ्याशी मराठी आणि बाजारात दखनी – आमच्याकडे सगळ्यांचंच असं.

माझं माहेर कोहिनूर, कल्याणीजवळचं. आई-वडील नव्हते. दादा-वहिनी होते आणि थोरली बहीण नीलाक्का. ती नऊ वर्षांची असताना तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. तोंडभर व्रण राहिले. लग्न अर्थातच झालं नाही. पण नीलाक्काला शिनेमाचं भारी वेड होतं. हसू नका. माझ्या लग्नाआधी कल्याणीला जत्रेत तंबू लागायचा, आणि दादा आम्हा दोघींना गाडीनं न्यायचा. पडद्यावरचं बोलणं नि गाणी ती ऐकायची. जिथं कोणी बोलत नाही तिथं मी तिच्या कानाशी लागून सांगायचे – आता ती रडायली, आता तो मागं वळला, आता दिवा विझला. मला त्याचा कंटाळा यायचा. मलाही बघायचं असायचं ना! मधेच तिनं काही विचारलं की मी खेकसायचे. ती गप्प बसायची, आणि पुढच्या वर्षी परत माझाच हात धरून यायची.

त्या उन्हाळ्यात ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. तेव्हाच बाजारामागच्या कापसाच्या गोदामात शिनेमा लागला होता, आणि बाजारच्या दिवशी दुपारी फक्त बायकांचा खेळ असायचा. दारं लावून त्यांना काळं कापड बांधलेलं. पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे पडायचे. बाहेर विजेचं इंजिन धडधडायचं. दारावर चाँदबी नावाची वयस्कर बाई तिकिटं फाडायची आणि बायकांना जागेवर बसवायची.

नीलाक्का सकाळपासून वेणी घालून तयार होती. पण माझी नणंद महादेवीही आमच्याबरोबर निघाली. तिच्या ओळखीच्या दोन-तीन मोठ्या घरच्या बायका आधीच येऊन पुढं बसल्या होत्या. त्यांनी नीलाक्काच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मग एकमेकींकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बायकांत बसून मी आंधळ्या बहिणीच्या कानात कुजबुजत राहायचं? मी नीलाक्काला मागं भिंतीशी नेऊन बसवलं. म्हटलं, गर्दी लई हाय, मी इथंच जवळ बसते. तिनं मान हलवली. आणि मी पुढं जाऊन महादेवीशेजारी बसले.

खेळ मात्र भारी होता. एका सुनेवर सासू नको तो आळ घेते आणि तिला घराबाहेर काढते. नवरा परदेशी, तान्ही मुलगी घरातच राहते. दहा वर्षांनी तीच सून तोंडावर पदर ओढून त्याच घरात दाई म्हणून कामाला येते आणि आपल्याच पोरीला न्हाऊ-माखू घालते. पोरीला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. बायका हुंदके देत होत्या. मीही रडले. मागं एकटी बसलेली माझी बहीण या सगळ्यात किती वेळा आठवली असेल? एकदाही नाही. खरं तेच लिहिते.

शेवट जवळ आला असेल तेवढ्यात उकाड्यानं महादेवीला भोवळ आली. तिला पाचवा महिना होता. मी तिला धरून बाहेर काढलं, घरी नेलं, पाणी दिलं, सासूबाईंच्या हवाली केलं आणि धावत परत आले. खेळ सुटला होता. बायका पांगल्या होत्या. नीलाक्का गोदामाच्या भिंतीला हात लावून उन्हात उभी होती.

रस्ताभर काय सांगायचं ते मी जुळवत आले होते. पण तीच आधी बोलली.

"शांती, आज तू किती दमानं सांगितलीस गं. एकदा सुदीक चिडली न्हाईस."

तिनं माझा हात चाचपून धरला आणि चालता चालता सगळा खेळ सांगायला लागली. बोलणं-गाणी नव्हेत, जे फक्त दिसतं ते. सासू डोळे बारीक करून कशी बघते. पोरीच्या केसांना तेल लावताना आईचे हात कसे थांबतात. आणि मग तिनं शेवट सांगितला, जो मी बघितलाच नव्हता. ती बाई कुणाला न सांगता नावेत बसून निघून जाते. तिची डाव्या पायातली चप्पल काठाच्या चिखलात राहते. पोरगी पळत येते, ती चप्पल आपल्या पायात घालते आणि तशीच गुडघाभर पाण्यात उभी राहते. कुणी काही बोलत नाही.

"आन किती वर्सानी तू मला निल्ली म्हणलीस," ती म्हणाली.

लहानपणी मला नीट बोलता येत नव्हतं तेव्हा मी तिला निल्ली म्हणायचे. आई गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. सासरी तर कुणाला माहीतच नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं – अक्का, मी नव्हते. मी तुला टाकून पुढं बसले होते. पण तिचा चेहरा एवढा खुलला होता... तिनं विचारलं, "कामून गप हैस? दमलीस का सांगून सांगून?"

मी म्हणाले, "व्हय अक्का. दमले."

दुसऱ्या दिवशी मी चाँदबीला गाठलं. भिंतीशी बसलेल्या माझ्या बहिणीजवळ कोण बाई होती, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "कोई नै था माँ. अकेलीच बैठी थी. बाजूकी जगा खाली थी. मगर गर्दन हला रही थी, जैसा कोई बात कर रा उससे." ती मुद्दाम दोनदा जाऊन बघून आली होती म्हणे.

नीलाक्का गावी गेली. पुढं रझाकारांच्या धामधुमीचे दिवस आले, आणि जीव मुठीत धरून सासरची सगळी सोलापूरला नातेवाइकांकडं निघून आली. दादा-वहिनी आणि नीलाक्का कोहिनूरलाच राहिले. सोलापुरात मला तोच शिनेमा परत बघायला मिळाला. थेटरात मी शेवटाची वाट बघत बसले होते. नाव सुटली. चिखलात चप्पल राहिली. डाव्या पायातली. पोरगी पाण्यात उभी राहिली आणि मला पुढचं काही दिसेना. नवऱ्याला वाटलं, शिनेमा बघून रडायलीय.

त्या दिवशी ठरवलं, गावी परतले की आधी अक्काकडं जायचं आणि खरं सांगायचं. पोलीस ॲक्शन झाली, वाटा मोकळ्या झाल्या, मी कोहिनूरला गेले. नीलाक्का आषाढातच तापानं गेली होती. कळवायचं तर कुणाच्या हाती, आणि कुठल्या पत्त्यावर? वहिनी म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होती, त्रास फार झाला नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच बायका भेटायला आल्या. त्या दोन वर्षांत जात्यावर, पाणवठ्यावर नीलाक्कानं तो खेळ त्यांना कितीदा तरी सांगितला होता. दर वेळी म्हणायची, मला आमच्या शांतीनं दाखवला. त्यातली एक म्हातारी म्हणाली, शांताबाई, एकदा तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

नाही कसं म्हणणार? मी सांगितला. पहिल्यापासून नावेपर्यंत सांगितला. बायकांनी डोळे पुसले. म्हातारी मात्र म्हणाली, "बरा सांगितलाव. पण तुमी नीलाक्काला सांगितलता तसा न्हाई जमला आज."

मी मान खाली घातली.

इतकी वर्षं मी याचा उलगडा शोधला. कुणी शेजारीण हळूच येऊन बसली असेल आणि चाँदबीच्या नजरेतून सुटली असेल म्हणावं, तर निल्ली हे नाव तिला कुठून कळलं? नीलाक्कानं मनानंच सगळं रचलं म्हणावं, तर ती डावी चप्पल? मला उत्तर सापडलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही. तिच्या शेजारी जे कुणी बसलं होतं, ते माझ्याहून बरं होतं, एवढंच मला सांगता येतं.