बनाबाईचा तोंडी निरोप

भोरला संस्थानच्या दफ्तरात केशव लिमये कारकून होता. त्याने लिहिलेल्या कागदाची नक्कल पुन्हा करावी लागत नसे, आणि याचा त्याला अभिमान होता. १९३६ साली गावातल्या आणि आसपासच्या नऊ जणांनी रुग्णसेवा मंडळ काढलं. खेड्यापाड्यांतल्या आजाऱ्याला डोलीत घालून भोरच्या दवाखान्यात आणायचं, एवढंच काम. मंडळाचा चिटणीस अर्थातच केशव झाला आणि नियमावलीही त्यानेच लिहिली. सातवं कलम त्याचं लाडकं होतं. जो पदाधिकारी लेखी कारण न देता लागोपाठ तीन बैठकी चुकवील, त्याचं पद जाईल.

अध्यक्ष एक नामांकित वकील होते. ते महिनोन् महिने फिरकत नसत. केशव त्यांच्या नावापुढे आपल्याच मनाने ‘कामानिमित्त गैरहजर’ असं लिहून टाकी. उपाध्यक्ष होता भोंगवलीचा गेनबा. पन्नाशीचा शेतकरी, अंगठेबहाद्दर. पण डोलीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असला की आजाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नसे.

पुढच्या वर्षी वैशाखातल्या बैठकीत केशव नियमांची दुरुस्ती वाचत होता. तेवढ्यात शिवऱ्याहून निरोप आला, बाळंतीण अडली आहे. गेनबा उठला.

“चिटनीस, कागूद मागनं वाचा. आदी तिला आनू.”

सगळे त्याच्यामागे निघाले. बाई आली, वाचली. पण भरल्या बैठकीत आपल्या हातातला कागद हातातच राहिला, हे केशवला विसरता आलं नाही.

आषाढात पेरणी होती, गेनबा आला नाही. श्रावणात भांगलण. भाद्रपदातल्या बैठकीच्या आदल्या दिवशी भोंगवलीची बनाबाई केशवच्या दाराशी आली. ती बाजारात अंडी विकायला येई आणि येताना गावाचे निरोप आणी.

“गेनबा तात्यांनी सांगितलंय, गावात तापाची साथ हाय. घरटी एक मानूस पडलंय. तात्या हितं न्हाई येऊ शकत, तिथंच बघत्यात.”

“लेखी आणलंयस का?”

“आता तात्यांना कुठं लिवता येतंय, साहेब?”

“मग नियमात बसत नाही,” केशव म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याने सातवं कलम वाचलं. “उपाध्यक्षांकडून लेखी काही आलेलं नाही,” असं सांगितलं. ते खरं होतं. कुणीतरी चुळबुळ केली, पण नियमावर सह्या सगळ्यांच्याच होत्या. गेनबाचं पद गेलं.

साथ ओसरल्यावर आश्विनात गेनबा आला. गालफडं बसली होती. पद गेल्याचं ऐकून तो “बरं” म्हणाला आणि दाराजवळ बसला. चिमाजी शिंपी मंडळात वयाने सर्वांत मोठा. त्याला राहवेना.

“गेनबा, अरे, निदान निरोप तरी धाडायचास.”

गेनबाने केशवकडे पाहिलं. केशव वहीत बघत राहिला.

“धाडला व्हता,” गेनबा म्हणाला. “वाटंत ऱ्हायला आसंल.”

“कुणाबरोबर?”

“बनाबाईबरोबर.”

“ती होय! बाजारात चार बायका भेटल्या की विसरली असणार.” चिमाजी चिडला. “यापुढं तिच्यावर कुणी काही सोपवू नका.”

केशवने तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता बोलू, मग बोलू, असं करता करता बैठक संपली.

पुढच्या बाजाराला चिमाजीने बनाबाईला चारचौघांत फैलावर घेतलं. ती “म्या सांगितलं व्हतं” एवढंच म्हणत राहिली आणि कुणी ऐकलं नाही. केशव पलीकडे भाजी घेत उभा होता. तिने त्याला पाहिलं होतं. तो पिशवी तशीच घेऊन घरी आला आणि त्याला जेवण गेलं नाही. आपण गेनबाचं पद काढलं, ते मान दुखावला म्हणून. आणि आता गरीब बाईची अब्रू घेतली, ती भीतीपोटी. दोन्हीला कलमाचा आडोसा. वकिलांसाठी ते कलम आपल्याला एकदाही आठवलं नव्हतं.

तरी पुढचे दोन महिने तो गप्पच राहिला. याची लाज त्याला जन्मभर पहिल्या लाजेहून जास्त वाटली.

पौषातल्या बैठकीत त्याने उभं राहून सगळं सांगितलं आणि आपल्या हाताने इतिवृत्तात लिहिलं. “निरोप मला मिळाला होता. मी लपवला. अध्यक्षांची गैरहजेरीही मीच झाकली.” चिटणीसपद सोडलं. कुणी ‘राहू द्या’ म्हटलं नाही. गेनबा तेवढा म्हणाला, “मागला दांडा धरायला मानूस लागतंय, या तुमी.” सातव्या कलमात ‘लेखी किंवा तोंडी’ असं घातलं, अध्यक्ष नवे आले, गेनबा पुन्हा उपाध्यक्ष झाला. चिमाजीने भर बाजारात बनाबाईची माफी मागितली. केशवही गेला.

“बाई, माझं चुकलं.”

“चुकलं न्हाई, साहेब,” ती अंडी निवडत म्हणाली. “चुकल्यालं मानूस लगीच बोलतंय.”



केशवने पुढं दहा वर्षं मागचा दांडा धरला. ऊन म्हटलं नाही, चिखल म्हटला नाही. लोक त्याला मानू लागले. बनाबाई मात्र निरोप घेऊन आली आणि मंडळाच्या दारात केशव एकटाच असला, की ओट्यावर टोपली ठेवून चिमाजी येईपर्यंत बसून राही.