पुली काढताना चावी कुणाकडे

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सत्तरीत घरच्या घरी मोटार बांधायला काढली, तेव्हा औरादच्या आमच्या अर्ध्या गल्लीला हसू आलं आणि मला धडकी भरली. सांगाडा हैदराबादहून सुट्या भागांत आला, इंजिन बीदरच्या भंगारवाल्याकडून. नुसता रंग द्यायचा असता, सीटा शिवायच्या असत्या, तर मी चकार शब्द काढला नसता. पण इंजिनाला पुल्या असतात, पुल्यांवर पट्टा असतो, आणि अप्पांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत.

उरलेली दोन आमच्या पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीत अप्पांचा एक नियम होता. पट्ट्याला हात लावण्याआधी मेन स्विचचा फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. मी पीयूसीला, म्हणजे बारावीला, होते त्या उन्हाळ्यात एकदा लाईट गेली आणि त्याच वेळी पट्टा उतरला. उकाड्यानं अप्पा नुसत्या बनियनवर होते, खिसाच नव्हता. फ्यूज त्यांनी माझ्या हातात दिला आणि जात्यापलीकडे वाकून पट्टा चढवू लागले. तेवढ्यात लाईट आली. डबे घेऊन बसलेल्या बायका "आली, आली" म्हणून ओरडल्या. पलीकडून अप्पांचा आवाज येईना, मला वाटलं, काम झालं. मी फ्यूज बसवला.

दवाखान्यात, घरी, पाहुण्यांत अप्पांनी एकच सांगितलं, की मीच फ्यूज काढायला विसरलो. खरं काय ते आजवर आम्हा दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. सांगायची हिंमत मलाही झाली नाही. फक्त त्यानंतर अप्पांनी आईकडून प्रत्येक बनियनला खिसा शिवून घेतला आणि फ्यूज पुन्हा कधी माझ्या हातात दिला नाही. ते मला अजून लागतं.

तर त्या रविवारी मी बीदरहून तपासायचे पेपर घेऊन औरादला आले, तेव्हा अंगणात अप्पा इंजिनापुढे उकिडवे बसले होते. इंजिनाची खालची पुली सांगाड्याला घासत होती. तिला दोन खाचा, त्यातली एक एसीच्या पट्ट्यासाठी. आमच्या गाडीला एसी कुठला, धड दारंसुद्धा नव्हती! बदलायला म्हणून अप्पांनी भंगारातून दोन पुल्या निवडून आणल्या होत्या. एक बारकी होती. ती त्यांनी बाजूला सारली. "हिच्यानं पाण्याचा पंप सावकाश फिरंल, बीदर यायच्या आत इंजिन तापंल." दुसरी एका खाचेची, जुनीइतकीच मोठी. सुतळी ताणून त्यांनी खाच वरच्या पुल्यांच्या रेषेत येते का पाहिलं. आली. आता जुनी काढायची होती.

मधला बोल्ट काही सुटेना. जोर लावला की बोल्टासकट पुलीच फिरायची. शेवटी अप्पा म्हणाले, "पाना सांगाड्याला टेकवून धरतो. तू उलसं चावी मार. स्टार्टरच्या झटक्यानं इंजिन फिरंल आन् बोल्ट सुटंल."

"मी न्हाई मारायची."

"कामून?"

कामून म्हणे! "पाना तारेनं बांधा," मी म्हणाले, "आन् तुमी तिकडं भिंतीपशी जावा. दोन्ही हात वर करून."

शाळेत पोरांनाही मी इतकी दरडावत नाही. अप्पा मुकाट भिंतीला टेकले, हात वर केले. मी त्यांची बोटं मोजली. आठ. पुन्हा मोजली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगच्या वायरी आधीच काढल्या होत्या, तरी त्या मी एकदा बघून आले. मग चावी फिरवली. खाडकन आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

तरी जीव भांड्यात पडेना, कारण पुली अडकूनच होती. आता तिच्यामागे बोटं घालून ती हलवत हलवत ओढायची होती. अप्पांनी गाडीची चावी काढून घेतली. ती कुठे जाणार हे मला माहीत होतं. मी त्यांच्या बनियनच्या खिशाकडेच बघत होते.

त्यांनी चावी माझ्यापुढे धरली.

"खिशात ठेवा की, अप्पा."

"तू धर."

"अप्पा, त्या दिवशी तो फ्यूज मी..."

"ठावं हाय मला. मी 'थांब' म्हणून आवाज दिला न्हाई, म्हणून तुला झालं वाटलं. एवढ्या वर्सांत तुला हे सांगाय पायजे होतं. धर."

मी चावी मुठीत घेऊन भिंतीपाशी गेले. अप्पा वाकले आणि तीन बोटांचा हात आधी पुलीमागे घातला. हलवत होते, थांबत होते, पुन्हा हलवत होते. चावी माझ्या तळहातात रुतत होती, पण मूठ सैल करायची माझी छाती होईना. मग पुली निघाली. अप्पांनी ती खाली ठेवली, काळे झालेले दोन्ही हात माझ्यासमोर पसरले आणि म्हणाले, "मोज."

मला मोजता येईना. डोळे इतके भरले होते की बोटं दिसतच नव्हती.