एकट्यानं आत जायचं नाही

मित्रांनो, दुपारी हुमनाबादहून परत आलो. आल्या आल्या लिहायला बसलोय.

आमच्या दुबलगुंडीत रोजगार हमीचं काम निघालं नाही, तर माझी थोरली बहीण, आमची अक्का, उद्या पुण्याला बांधकामावर जाणार होती. भांडीसुद्धा बांधून झाली होती. म्हणून अक्का आणि गावातल्या बायकांसोबत हुमनाबादला, तालुक्याच्या ऑफिसात गेलो. पुढे लाल बावट्याचे म्हातारे पुढारी, शरणप्पाअण्णा. आजवर प्रत्येक निवडणूक हरलेले.

शिपाई बाहेर आला. "साहेब एकालाच बोलवायलेत. शिकलेलं कोण हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नववी नापास, तरी उठलो. अण्णांनी सदरा ओढून खाली बसवलं.

"कामून उठायलास? एकटा आत गेलेला माणूस चहा पिऊन गप होऊन येतो. सगळे पायरीवरच बसू."

मला भीती, साहेब चिडले तर अक्का पुण्याला गेलीच. पण जेवायच्या सुट्टीत साहेबांनाच पायरीवर यावं लागलं. "सोमवारी काम सुरू करतो," ते अण्णांना म्हणाले.

"मला नगं, हिला सांगा," अण्णांनी अक्काकडं हात केला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला पुन्हा सांगितलं.

परतताना अक्का म्हणाली, "अण्णा, पुढल्या निवडणुकीला परत उभारा."

"मागं मत दिलतंस का?"

"न्हाई."

बायका पोट धरून हसल्या. अण्णाही हसले.

आता अक्का भांडी सोडायलीय. तुमच्या गावात असा पुढारी आहे का? त्याला मत देता का? खरं सांगा.