बुधाजींचं राहिलेलं काम

सतरा एप्रिलच्या सकाळी बुधाजी तेलगोटे अंगणात स्कूटरच्या मागे कुलरच्या गवताच्या ताट्या बांधत होते, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. काम आलं असेल म्हणून त्यांनी दोरी तशीच दातात धरली अन् मोबाईल काढला. पण उन्हात अक्षरं दिसेनात, चष्मा आत राहिलेला. त्यांनी ओट्यावर गहू निवडत बसलेल्या सुनेपुढे मोबाईल धरला.

आचलने एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"मामाजी, तुमची कंपनीची आयडी बंद केली म्हणते."

"काहून?"

"तीन कामं अर्धवट सोडली म्हणते तुमी."

बुधाजींनी दातातली दोरी काढली अन् हसले. "दुसऱ्या कोनाचा असन तो मेसेज. नाव पाह्य बरं."

"बुधाजी सखाराम तेलगोटे, कौलखेड, अकोला. तुमचाच हाये."

मेसेजखाली एक फॉर्म होता. कोणत्या ठिकाणी काय काम राहिलं अन् का राहिलं, हे सात दिवसांत लिहून द्यायचं. नाही दिलं तर आयडी कायमची बंद.

आतून त्यांच्या बायकोचा, जाईबाईंचा आवाज आला. "घ्या! बत्तीस वर्षं घरचं जेवण अर्धं टाकून लोकायचे कुलर केले. आता लोकच म्हनतात, अर्धवट!"

बुधाजींनी हातातली दोरी सोडली. ते खाली बसले. ताट्या सुटून स्कूटरच्या एका बाजूला कलल्या, त्याही त्यांनी सावरल्या नाहीत.

अकोल्यात उन्हाळा म्हणजे कुलर. होळी झाली की लोक गच्चीवरून, पलंगाखालून कुलर बाहेर काढतात. मग मोटर जाम झालेली असते, टाकी गळते, ताट्यांतलं गवत कुजलेलं असतं. पूर्वी बुधाजी सायकलवर जठारपेठेतून, तापडिया नगरातून एक चक्कर मारायचे. ओरडावंही लागायचं नाही. सायकलवरच्या ताट्या पाहून बाया फाटकातून हाक द्यायच्या, "ओ बुधाजीभाऊ, आमचाबी पाहून घ्या." त्यातली कितीतरी घरं आता पाडून उंच इमारती झाल्या. खाली चौकीदार बसतो. तो विचारतो, कोड आहे का. कोड मोबाईलवर येतो, अन् मोबाईलवर काम कंपनीकडून येतं. म्हणून दोन उन्हाळ्यांमागे आचलने त्यांचं नाव कंपनीच्या ॲपवर टाकलं. काम सुरू करताना एक बटण, संपल्यावर एक बटण. मध्ये कधी कधी कंपनीतून एखाद्या मुलीचा फोन येई, "काका, काम झालं का?" बुधाजींना ते आवडायचं. एवढ्या दूरची मुलगी, पण विचारपूस करते.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती, ती मात्र कोणत्याही बटणात नव्हती. कुलर जोडून झाला की ते तो पंधरा मिनिटं चालू ठेवत. समोर उभं राहून तोंडावर हवा घेत. गार लागली, पाणी चारी ताट्यांवर सारखं उतरलं, तरच मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला स्क्रू काढायच्या पेचकसाच्या टोकाने त्या दिवसाची तारीख कोरत. काही जुन्या कुलरांच्या पत्र्यावर त्यांच्या पंधरा-पंधरा तारखा एकाखाली एक होत्या. तारीख कोरली म्हणजे काम झालं. कोरली नाही तोवर बुधाजी तिथून हलत नसत.

"तीन कोनती, ते सांगते का?" त्यांनी विचारलं.

आचलने सांगितलं. नऊ तारखेचं किसनराव अढाऊंचं, अकराचं रागिणी मॅडमच्या शिकवणीचं, अन् तेराचं अमरावतीचं.

तेरा ऐकून बुधाजी मनात तो दिवस आठवू लागले. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल होती. वस्तीत निळ्या पताका लागत होत्या, मिरवणुकीच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मन काही त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं. कंपनीच्या लेखी अकोला अन् अमरावती एकच, म्हणून काम थेट अमरावतीतल्या साईनगरचं आलं. नाही म्हटलं तर नंबर खाली जातो, म्हणून ते गेले. घाईत काही राहिलं तर नसेल?

"मी पाहून येतो," ते म्हणाले.

"काय पाहून येता?" जाईबाई दारात आल्या.

"काय राहिलं ते."

आधी ते किसनरावांकडे गेले. किसनराव एसटीतून निवृत्त झालेले, दुपारभर कुलरपुढेच असत. बुधाजींना पाहून ते उठून बसले.

"जय भीम, बुधाजीभाऊ! काहून, पैसे कमी पडले का?"

"जय भीम. नाई जी. कुलर कसा हाये?"

"आता काय सांगू! काल रात्री चादर घ्या लागली."

"काई राहिलं नाई ना त्याचं?"

"काय राहीन?" किसनराव बुचकळ्यात पडले. "कुलर हाये, हवा हाये, मी हाये."

बुधाजींनी तरी मागचा पत्रा काढला. आत नऊ तारीख कोरलेली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं अन् पत्रा बसवला. शिकवणीच्या वर्गातही तसंच. तीस पोरं बसली होती, गणित चालू होतं, ताट्या ओल्या होत्या अन् पत्र्यावर अकरा तारीख होती. रागिणी मॅडम फळ्याकडून वळून म्हणाल्या, "काका, आज तर बोलावलं नव्हतं." बुधाजी म्हणाले, "हो. असाच आलो होतो."

वीस तारखेला ते बसने अमरावतीला निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. मोटरची वायर? पाइपाची क्लिप? टाकीचं बूच? तेरा तारखेचं काम ते मनात पहिल्यापासून जोडत होते, अन् प्रत्येक वेळी कुठेतरी धागा तुटत होता.

साईनगरच्या इमारतीखाली चौकीदाराने कोड मागितला. आयडी बंद, तर कोड कुठून येणार? बुधाजींनी त्यालाच वर फोन लावायला सांगितलं. थोड्या वेळाने रश्मी देशमुख नावाची ती तरुण बाई स्वतः खाली आली.

"काका, तुम्ही? मी तर काही तक्रार केली नाही! पाच तारे दिलेत तुम्हाला."

"पाच तारे देल्ले?"

"हो. दाखवू का?"

तिने मोबाईलवर दाखवले. पाच पिवळे तारे, एका ओळीत. बुधाजींनी ते मोजले. पाचच होते. पाच तारे देणारी ही बाई खरी, की अर्धवट म्हणणारी कंपनी खरी, हे त्यांना कळेना.

वर जाऊन त्यांनी पत्रा काढला.

आत तारीख नव्हती.

जुन्या मिस्त्रीने मार्करने लिहिलेला एक फोन नंबर होता, एक गंजाचा डाग होता. तेरा तारीख कुठेच नव्हती. बुधाजींनी मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं, पत्रा उलटा करून पाहिला. कुलर उत्तम चालत होता. हवा गार होती. पण तारीख नव्हती.

मग आठवलं. कुलर चालू करून ते समोर उभे होते, पेचकस हातात होता, तेवढ्यात फोन आला होता. "काका, काम झालं का?" बोलून झाल्यावर त्यांनी मोबाईल खिशात टाकला, त्यासोबत पेचकसही खिशात गेला, अन् ते पत्रा लावून बस पकडायला निघाले.

त्यांनी आता पेचकस काढला. पण कोणती तारीख कोरायची? तेरा कोरली तर ती तेराला कोरलेली नाही. वीस कोरली तर काम वीसचं नाही. त्यांनी पेचकसाचं टोक पत्र्याला टेकवलं, पुन्हा उचललं. शेवटी काहीच न कोरता त्यांनी पत्रा बसवला.

"काही बिघडलंय का?" रश्मीने विचारलं.

"नाई बाई. बिघडलं तर काईच नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आचलने कंपनीला फोन लावला. अर्धा तास नुसतं संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली.

"नमस्कार, मी प्रणाली बोलतेय. काय मदत करू?"

आचलने मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला अन् सगळं सांगितलं. पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"काका, आमच्या नोंदीत तर तुम्हीच सांगितलंय, काम राहिलं म्हणून. तिन्ही वेळा."

"मी सांगतलं?"

"हो. रेकॉर्डिंग आहे. ऐकवते."

आधी नुसती घरघर ऐकू आली. बुधाजींनी ती लगेच ओळखली. ती किसनरावांच्या कुलरची होती. मग मुलीचा आवाज, "काका, काम झालं का?" मग पुन्हा घरघर, अन् तिच्यातून वर आलेला त्यांचा स्वतःचा, मोठ्याने ओरडलेला आवाज, "...राहिलो!"

"ऐकलंत?"

"बाई, मी 'करून राहिलो' म्हनलं."

"म्हणजे करायचं राहिलं."

"नाई वो. राहिलं नाई. करून राहिलो!"

"करून... कुठे राहिलात, काका?"

बुधाजींनी आचलकडे पाहिलं. आचलने मोबाईल ओढून घेतला अन् शाळेतल्या मराठीत म्हणाली, "ताई, ते करत आहेत असं म्हणाले. काम चालू आहे, असं. आमच्याकडे असंच बोलतात."

पलीकडची टकटक थांबली. "अच्छा," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज जरा नरमला. "पण मग 'करतोय' म्हणायचं ना, काका. आणि बोलताना कूलर बंद करत चला. त्या आवाजात अर्धं ऐकूच येत नाही."

"काम चालू हाये हे सांगाले काम बंद करू?"

"फक्त बोलेपर्यंत."

"बरं. मंग आता ते खोडून टाका."

"खोडता नाही येत, काका. तुम्ही फॉर्म भरा. काय राहिलं होतं ते लिहा, म्हणजे पुढे जातं."

"काई राहिलंच नाई, तर काय लिहू?"

"काहीतरी लिहावंच लागेल. रिकामं ठेवलं तर फॉर्म घेत नाही."

फोन संपल्यावर आचल म्हणाली, "मामाजी, पंप भेटला नाई असं लिहून देऊ तिन्ही जागी. सारे तसंच लिहितात."

"पंप तर भेटला होता."

"तुमाले आयडी पाह्यजे का नाई? पावसाले दीड महिना राहिला फक्त."

"पाह्यजे ना."

"मंग?"

बुधाजी खूप वेळ ओट्यावर बसले. जाईबाई आतून पाहत होत्या. शेवटी बुधाजींनी सांगितलं तसं आचलने टाईप केलं: पहिल्या ठिकाणी काही राहिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी काही राहिलं नाही. तिसऱ्या ठिकाणी तारीख राहिली.

"कोनती तारीख, ते विचारतीन ना," आचल म्हणाली.

"विचारलं तर सांगू."

कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आपले स्पष्टीकरण स्वीकारण्यात आले आहे. कृपया ही चूक पुन्हा करू नये." आयडी चालू झाली. बुधाजींनी आचलकडून तो मेसेज दोनदा वाचून घेतला.

"कोनती चूक म्हनते?"

"ते नाई लिहिलं."

"तारखेची, का बोलायची?"

"मामाजी, चालू झाली ना? सोडा आता!"

पण बुधाजींना ते सुटेना. दोन दिवस ते येता-जाता "करतोय, करतोय" म्हणत होते. "चहा घेता का?" म्हटलं तरी एकदा "घेतोय" निघालं, अन् जाईबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "बुढा पुनेरी झाला वो, आचल!"

पुढचं काम गौरक्षण रोडवरच्या आशाबाई खंडारे यांच्याकडचं होतं. जुना लोखंडी कुलर होता. बुधाजींनी मोटरला तेल दिलं, पंप धुतला, चार ताट्या नव्या बसवल्या. मोबाईल डोळ्यांसमोर राहावा म्हणून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. दर दोन मिनिटांनी त्यांची नजर तिकडे जाई. फोन आलाच तर कुलरचं बटण कुठे आहे, हे त्यांनी आधीच हाताने चाचपून ठेवलं होतं.

कुलर चालू झाला. पंधरा मिनिटं झाली. पाणी चारी बाजूंनी सारखं उतरलं. हवा चांगली गार लागली. त्यांनी पत्रा काढून पेचकसाने तारीख कोरली, सव्वीस. मग पत्रा बसवला, सामान पिशवीत भरलं, ॲपवरचं संपल्याचं बटणही दाबलं. फोन आला नव्हता.

आता कुलर बंद करून ते त्याच्याशेजारी उभे राहिले. खोलीत शांत झालं. "झालं" हा शब्द जिभेवर अगदी तयार होता. त्यात 'राहिलं' नव्हतं, चुकायला जागा नव्हती.

आशाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. बंद कुलर अन् त्याच्यापाशी उभे बुधाजी पाहून त्या थबकल्या.

"काहो भाऊ, झालं ना काम?"

"झालं."

"मंग बंद काहून केला? अन् तुमी थांबले काहून?"

बुधाजींनी कठड्यावरच्या मोबाईलकडे पाहिलं. तो काळाच होता.

"फोनची वाट पाहून राहिलो," ते म्हणाले.