बांधावरची करवंदं

अक्का करवंद अर्धं चावायची आणि उरलेलं अर्धं समोरच्याच्या तळहातावर ठेवायची. "आधी चाख, मग बोल." उष्टं म्हणून कुणी हात मागं घेतला, तर म्हणायची, "पाखरानं टोचलेलं गोड म्हणून खाता, माझं कामून नको?" चिडवत चिडवत खाऊ घालणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मुडबीच्या शिवारात तिचं आणि माझं रान लागून. मधल्या बांधावरच्या कुंपणाबद्दल गावात बोललं जातं, त्यात तिचं नाव येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आठवडी बाजारात अक्काचं करवंदाचं लोणचं दुपारच्या आत संपायचं. कच्च्या करवंदांसाठी ती माळावर जायची, पण एका जाळीपाशी कधी थांबायची नाही. इथली मूठभर, तिथली मूठभर. गोल, लांबट, आंबट, तुरट, सगळी एका टोपलीत. मी हसलो की म्हणायची, "एका जाळीचं लोणचं म्हंजे एकट्याचं भजन."

रानडुकरं पिकात शिरू लागली तेव्हा आम्ही बांधावर करवंदीचं कुंपण करायचं ठरवलं. माळावरच्या एका जाळीची फळं फार गोड होती. मी तिच्याच फांद्या मातीत दाबून, मुळं फुटल्यावर कापून सगळी रोपं केली. अक्कानं आपल्या बाजूला बिया टाकल्या, मिळेल त्या जाळीच्या. तिची लेक कारवारला दिलेली. ती उन्हाळ्यात माहेरी येताना समुद्राकाठची करवंदं आणायची. त्यांच्याही बिया अक्कानं ओल्या असतानाच पेरल्या. तिची बाजू वेडीवाकडी वाढली. एक झुडूप गुडघ्याएवढं, शेजारचं डोक्याच्या वर.

"अक्का, हे कुंपण हाय का जत्रा?" मी विचारलं.

"जत्राच हाय. तुझी ती पलटण. सायेब आला की सलाम ठोकंल बघ."

मग एका पावसाळ्यात रानातलं पाणी हटेना. माझ्या एका रोपाचं मूळ कुजलं, तसं सगळ्यांचं कुजलं. सगळी एकाच जाळीची. जे एकाला सोसलं नाही, ते कुणालाच सोसलं नाही. अक्काचीही काही गेली, पण बरीच उभी राहिली. आता ती मला चिडवल्याशिवाय सोडत नाही, असं वाटलं. ती खुरपं घेऊन आली आणि माझ्या बाजूला आपलं बी टाकत गेली. जाताना म्हणाली, "ह्यात समुद्राकडचंबी एक हाय. फळ धरल्यावर चाखून वळख."

कुंपण दाट झालं. लोक बघायला येऊ लागले, ते माझ्याकडे. खुर्च्या माझ्या अंगणात होत्या. 'अप्पांचं कुंपण' म्हणू लागले. मी चहा सांगायचो. अक्का पलीकडून ऐकायची आणि खुरपत राहायची.

अक्का गेली. सगळं आटोपल्यावर हैदराबादेत नोकरीला असलेला तिचा मुलगा रान बघायला आला. बांधावर उभा राहून अदबीनं म्हणाला, "अप्पा, तुमचं कुंपण काढून तार ठोकावी म्हणायलोय. तुमची हरकत न्हाई ना?"

नुसतं 'हरकत आहे' म्हटलं असतं तरी कुंपण वाचलं असतं, आणि माझंच राहिलं असतं.

"ते माझं न्हाई रं. तुझ्या आईचं हाय. माझं सगळं कुजून गेलं होतं."

"आई कधी बोलली न्हाई."

"मी बोलायचं होतं."

जवळच्या झुडपाचं एक फळ तोडून मी अर्धं चावलं, उरलेलं त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेला, पार ओढ्यापर्यंत. तार आणली नाही.

दर वैशाखात मी बांधानं जातो, एकेका झुडपाचं फळ चाखतो. समुद्राकडचं कुठलं, ते अजून कळलेलं नाही. एखादं किंचित खारट लागतं, हेच असं वाटतं, आणि पुढच्या झुडपाशी पुन्हा शंका येते. सवयीनं अर्धंच खातो. उरलेलं अर्धं हातात राहतं.