नऊशे कॉम्प्युटरांची पायपीट

त्या मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात एक बाई होत्या. पाठीमागे सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत. रुग्णालयातले नऊशे कॉम्प्युटर एका सर्व्हरच्या ताब्यात होते आणि तो सर्व्हर बाईंच्या. कुठे कोणता प्रोग्राम चालायचा, अपडेट कधी जायचं, सगळं तिथून ठरे. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही, की पडद्याला कुलूप पडे. नर्सेस वैतागत. बाई वाद घालत नसत. सगळं सुरळीत असलं की आपली आठवण कोणाला येत नाही आणि बिघडलं की दुसऱ्या कोणाची येत नाही, हे वीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

सर्व्हर अकरा वर्षांचा झाला होता. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी, की ती बनवणाऱ्यांनीही हात झटकले होते. अर्ज करकरून अखेर नवं मशीन मिळालं, तेही फर्मानासकट: एका रविवारात सगळं हलवा.

रविवारी सकाळी आठला बाईंनी कामाला हात घातला. दोनदा बॅकअप घेतला, जुनं मशीन बंद केलं, नव्यावर सगळं चढवलं. दुपारी दोनला नऊशेच्या नऊशे नावं पडद्यावर आली. पण एकाही नावापुढे हिरवी खूण येईना.

माशी कुठे शिंकली ते अर्ध्या तासात कळलं. प्रत्येक कॉम्प्युटर आधी सर्व्हरची ओळख पटवून घेतो, मगच त्याचं ऐकतो. त्या ओळखीची फाइल बॅकअपमध्ये होती, पण पासवर्डखाली. पासवर्ड घातला होता तेव्हाच्या साहेबांनी, आणि त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बाई जुनं मशीन पुन्हा चालू करायला गेल्या, तर डिस्क दोनदा टकटकली आणि कायमची गप्प झाली.

त्यांनी साहेबांना फोन लावला.

"डायरीत लिहिला होता गं," साहेब म्हणाले.

"कुठे आहे डायरी?"

"घर बदललं तेव्हा रद्दीत गेली असणार."

मग बायकोचं नाव, स्कूटरचा नंबर, लग्नाची तारीख, जे जे साहेबांना सुचलं ते ते बाईंनी टाकून पाहिलं. एकही लागला नाही. आता एकच वाट उरली होती. प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जायचं आणि हातानं नव्या सर्व्हरशी त्याची ओळख करून द्यायची.

घरी त्या ताटावर नुसत्याच बसून राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "दोन घास खा. नऊशे असोत नाहीतर नऊ हजार, उपाशीपोटी एकही व्हायचा नाही."

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी साहेब उभे. डोक्याला टोपी, हातात डबा. बाईंनी रात्रभर मनात त्यांना चार गोष्टी सुनावून ठेवल्या होत्या. त्यातली एकही तोंडातून निघेना.

"गुडघे जिने चढू देत नाहीत," साहेब म्हणाले. "तळमजला माझा. निस्तरायला मलाच हवं."

त्यांना आत घ्यायची परवानगी काढण्यातच दुपार गेली. मग दोघं कामाला लागले. एका कॉम्प्युटरला दहा मिनिटं, पण तो मोकळा मिळेपर्यंत कधी तासही जाई. वॉर्डात नर्स म्हणे, "थांबा, औषधांची नोंद करते," आणि बाई भिंतीला टेकून उभ्या राहत. असंच उभं असताना त्यांनी पाहिलं. नर्स एका रुग्णाचा ताप बघून आली, पडद्याला कुलूप. सलाईन बदलून आली, पुन्हा कुलूप. तासाभरात तिनं सहा वेळा पासवर्ड टाकला. त्या दिवशी बाईंनी वरिष्ठांशी भांडून वॉर्डातलं कुलूप पंधरा मिनिटांवर नेलं. आभार कोणी मानले नाहीत. कोणाच्या लक्षात तरी आलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात बाईंचे पाय सुजले. साहेब तळमजला संपवून लिफ्टनं वर येऊ लागले. लिफ्ट बंद असली, की जिन्याच्या पायरीवर बसून वाट बघत. बोलणं फारसं होत नसे. एकदा साहेब म्हणाले, "तेव्हाच तुला पासवर्ड सांगायला हवा होता. पण मला वाटायचं, मग माझी गरज काय उरेल?" बाईंनी डब्यातली पोळी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी यादी संपली. एकतीस कॉम्प्युटर सापडलेच नाहीत. बाईंनी तसं लिहून दिलं. नव्या ओळखीच्या फाइलचा पासवर्ड त्यांनी सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवला आणि दोघा सहकाऱ्यांना तो कुठे आहे ते दाखवलं. वरून 'संपूर्ण टीमचे अभिनंदन' असा मेल आला. त्यात साहेबांचं नाव नव्हतं. बाईंनी उत्तरात ते घातलं आणि सगळ्यांना पाठवलं.

त्या दिवशी दुपारी चारला त्या घरी आल्या आणि चपला न काढताच पलंगावर आडव्या झाल्या. सासूबाईंनी दारातून पाहिलं, आत येऊन पडदा ओढला आणि बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला.