नवा प्रोसेसर येऊन राहिला

प्रताप नगरात आमच्या शेजारी राहणारे काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, तेव्हापासून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत आहेत. संध्याकाळी मी त्या प्रोग्रामशी खेळायचो आणि बहुतेकदा जिंकायचो. तो हरला की काका कॉम्प्युटरला थोपटत म्हणायचे, "त्याचा दोष नाही गा. नवा प्रोसेसर येऊन राहिला, मग पाहा." ही बातमी ते घरी पाहुणे येणार असल्यासारखी सांगायचे.

गेल्या महिन्यात तो प्रोसेसर आला. पहिल्याच डावात प्रोग्रामने राजासमोरची प्यादी नेहमीसारखी पुढे ढकलली आणि राजा उघडा पाडला. पूर्वी तो या चालीआधी बराच वेळ विचार करायचा, आता तीच चूक त्याने क्षणात केली. मी जिंकलो.

"मशीनले काहून बोल लावत होतो मी?" काका हळूच म्हणाले. "हे तर मीच शिकवलं त्याले." आणि राजाच्या बचावाचा, इतकी वर्षं जपलेला सगळा भाग त्यांनी माझ्यासमोर पुसून टाकला.

परवा मी सांगितलं, "काका, याहून तेज प्रोसेसर येणार आहे म्हणे."

"येऊ दे," ते मान वर न करता म्हणाले. "आधी मले राजा सांभाळाले शिकू दे."